साठ रुपयांची शिष्यवृत्ती आणि आपल्या मोहल्ल्यातलं पॉलिमर

मुंब्रा, कौसा, कल्याण, भिवंडी इथल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर दोन-चार महिन्यांनी एक बॅनर फिरतं. सूट घातलेल्या तरुणाचा फोटो, शेजारी परदेशी विद्यापीठाची इमारत आणि खाली मोठ्या अक्षरात, ‘आंतरराष्ट्रीय फेलोशिप मिळाल्याबद्दल हार्दिक मुबारकबाद’. शंभर-दीडशे लोक हात जोडल्याचं चिन्ह पाठवतात, दोन दिवस कौतुक होतं आणि मग सगळं शांत.

असंच एक बॅनर आमच्या शाळेच्या ग्रुपवर आलं होतं. पॉलिमर आणि मटेरियल सायन्समध्ये संशोधन करणाऱ्या एका तरुणाचं. दुसऱ्या दिवशी नववीतल्या एका मुलानं वर्गात विचारलं, “सर, फेलोशिप म्हणजे नोकरी लागली का? आणि पॉलिमर म्हणजे काय?” पहिल्या प्रश्नाचं उत्तर आम्ही अर्धवट दिलं. दुसऱ्याचं पाठ्यपुस्तकातलं दिलं, “लहान रेणूंची लांब साखळी.” मुलानं मान डोलावली, पण त्याला काही कळलं नाही हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. खरं सांगायचं तर आमचंही समाधान झालं नाही. बॅनर फॉरवर्ड करणारे आम्ही शिक्षक, आणि त्या बॅनरपर्यंत जाणारा रस्ता मुलाला सांगता येत नाही? हा लेख त्या मुलाच्या दोन प्रश्नांसाठी आहे.

एक शब्द, तीन अर्थ

‘फेलोशिप’ हा शब्द आपण सरसकट वापरतो. प्रत्यक्षात त्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत.

पहिली म्हणजे सभासदत्व. काही व्यावसायिक संस्था पात्रता आणि अनुभव पाहून, वार्षिक वर्गणी घेऊन ‘फेलो’ हे पद देतात. त्यात वाईट काही नाही, पण त्यातून संशोधनाला पैसा मिळत नाही. दुसरी म्हणजे मान. आयुष्यभराच्या कामाबद्दल विज्ञान अकादमी एखाद्याला फेलो म्हणून निवडते, जसं लंडनची रॉयल सोसायटी करते. त्यासाठी अर्ज करून भागत नाही, आधीचे फेलोच नाव सुचवतात. तिसरी म्हणजे संशोधन फेलोशिप. पीएचडी करताना किंवा झाल्यावर ठरावीक काळ दर महिन्याला पैसे मिळतात आणि एखाद्या प्रयोगशाळेत स्वतःचं काम करायची मुभा मिळते. जर्मनीची हुम्बोल्ट, युरोपियन युनियनची मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी, अमेरिकेसाठीची फुलब्राइट-नेहरू या त्यातल्या नावाजलेल्या.

याशिवाय चौथा प्रकार बाजारात आहे, त्याला फेलोशिप म्हणणंही चूक. ईमेल येतो की तुमची ‘इंटरनॅशनल अवॉर्ड’साठी निवड झाली आहे, आता अमुक इतके डॉलर नोंदणी फी भरा. आपल्या भागातही लोक यात फसतात आणि त्याचंही बॅनर लागतं. संशोधन फेलोशिप पैसे देते, मागत नाही. एवढी एक खूण मुलांना शिकवली तरी पुष्कळ झालं.

वरचा टप्पा दिसतो, खालचा दिसत नाही

पॉलिमरच्या क्षेत्रात महाराष्ट्रातून जगात गेलेलं सर्वात मोठं नाव म्हणजे डॉ. रघुनाथ माशेलकर. गोव्यातल्या माशेल गावी १ जानेवारी १९४३ रोजी जन्म. वडील लहानपणीच गेले. आई मुंबईत आली आणि मिळेल ते काम करून तिनं मुलाला वाढवलं. महापालिकेच्या मराठी शाळेत शिक्षण, बाराव्या वर्षापर्यंत पायात चप्पल नाही, अभ्यास रस्त्यावरच्या दिव्याखाली. हे सगळं त्यांनी स्वतः अनेक भाषणांत सांगितलंय. शाळेतल्या भावे सरांनी भिंगानं सूर्याची किरणं एका बिंदूवर आणून कागद जाळून दाखवला, तिथून विज्ञानाची ओढ लागली, हेही ते आवर्जून सांगतात.

मॅट्रिकला ते बोर्डात अकरावे आले. तरीही पुढचं शिक्षण थांबायची वेळ आली होती. तेव्हा सर दोराबजी टाटा ट्रस्टची दरमहा ६० रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि गाडी पुढे सरकली. माटुंग्याच्या यूडीसीटीतून १९६६ साली केमिकल इंजिनिअरिंगची पदवी, प्रा. एम. एम. शर्मा यांच्या हाताखाली १९६९ साली पीएचडी, मग इंग्लंडच्या सॅलफर्ड विद्यापीठात संशोधन आणि अध्यापन. १९७६ मध्ये ते परतले आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, रुजू झाले. पॉलिमरची द्रावणं वाहतात कशी, पॉलिमरचे जेल फुगतात-आकसतात कसे, हा त्यांचा विषय. पुढे ते एनसीएलचे संचालक झाले, मग १९९५ ते २००६ सीएसआयआरचे महासंचालक. १९९८ साली रॉयल सोसायटीनं त्यांना फेलो म्हणून निवडलं.

आता या गोष्टीकडे शिक्षकाच्या नजरेनं पाहू या. १९९८ चा मान सगळ्यांना दिसतो. त्याच्या खाली किती पायऱ्या आहेत? एक आई, एक भावे सर, दरमहा ६० रुपये, घरातून जाऊन-येऊन शिकता येईल अशी सरकारी संस्था, पीएचडीला वेळ देणारा एक उस्ताद आणि परत आल्यावर काम करायला प्रयोगशाळा. यातली एक पायरी निसटली असती तर? मूल हुशार होतं हे खरंच, पण हुशार मुलं आपल्याकडे प्रत्येक गल्लीत आहेत. आपल्याकडे कमी आहेत त्या पायऱ्या.

आपल्याच समाजातलं उदाहरण घ्या. सिप्ला कंपनी १९३५ मध्ये मुंबईत सुरू करणारे डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद बर्लिनमधून रसायनशास्त्रात डॉक्टरेट घेऊन आले होते. डॉ. अब्दुल कलाम यांनी क्षेपणास्त्रांसाठी तयार झालेले हलके संमिश्र पदार्थ वापरून पोलिओ झालेल्या मुलांसाठी कॅलिपर करून घेतले. धातूचे तीन-चार किलोंचे कॅलिपर ओढत चालणाऱ्या मुलांच्या पायात काहीशे ग्रॅमचे कॅलिपर आले. ते पाहून मिळालेला आनंद कलामसाहेबांनी अनेकदा बोलून दाखवला. तेही मटेरियल सायन्सच. फक्त आपण कलामसाहेबांना ‘मिसाइल मॅन’ म्हणून पाठ केलं आणि ही गोष्ट मुलांना सांगायची राहून गेली.

पॉलिमर परदेशात नाही, शहाड-आंबिवलीत आहे

त्या मुलाचा दुसरा प्रश्न होता, पॉलिमर म्हणजे काय. त्याचं खरं उत्तर ठाणे जिल्ह्यात राहणाऱ्याला पुस्तकात शोधायची गरजच नाही.

कल्याणच्या पुढे शहाड स्टेशनवरून सेंच्युरी रेयॉन दिसते. त्यापुढे आंबिवली-मोहने इथं एनआरसी होती. तिथं पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी काम केलं आणि २००९ मध्ये ती बंद पडल्यावर हजारो घरांची चूल विस्कटली. रेयॉन म्हणजे काय? लाकडाच्या लगद्यातलं सेल्युलोज विरघळवून ओढलेला धागा. सेल्युलोज हे निसर्गानं बनवलेलं पॉलिमर. भिवंडीच्या यंत्रमागांवर खडखडणारं पॉलिस्टर सूत आणि नाक्यावर विकत मिळणारी पाण्याची बाटली हे रसायन म्हणून एकच, पीईटी. डोंबिवलीच्या एमआयडीसीत रसायनं, रंग, राळ यांचे कारखाने आहेत. आणि मुंब्रा-शिळफाट्यापासून भिवंडीपर्यंत भंगाराची गोदामं आहेत, तिथं आपलीच माणसं दिवसभर प्लास्टिक निवडतात.

गंमत अशी की गोदामातला कामगार शाळेत न जाता पॉलिमर ओळखतो. तुकडा दाबला की आवाजावरून सांगतो, कडक की नरम. पाण्यात टाकतो. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन तरंगतात, कारण त्यांची घनता पाण्यापेक्षा कमी. पीईटी आणि पीव्हीसी बुडतात, त्यांची घनता पाण्याच्या जवळपास १.४ पट. अजून शंका असेल तर टोक पेटवून वास घेतो. पीव्हीसी जळताना नाकाला झोंबतो, कारण त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. हे हुनर आहे आणि हाच धोकाही आहे. वास घेऊन निवड करणाऱ्याच्या फुप्फुसांचं काय होतं, हे आपण विचारतच नाही.

डोंबिवलीचं तसंच. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दोन तारखा एमआयडीसीच्या आसपास राहणाऱ्यांना सांगाव्या लागत नाहीत. स्फोट झाले, माणसं गेली, काचा लांबपर्यंत फुटल्या. चौकशी झाली, कारखाने हलवायची चर्चा झाली. पण धोक्याची रसायनं कमी वापरून तोच माल कसा बनवायचा हा प्रश्न शेवटी संशोधनानेच सुटणार आहे. आणि तो प्रश्न जास्त तळमळीनं कोण विचारेल? ज्याचा बाप त्या शेडमध्ये नाइट शिफ्टला जातो, तो.

जग याच प्रश्नावर अडलंय

योगायोग असा की आज जगभरात मटेरियल सायन्समध्ये पैसा आणि लक्ष ज्या विषयांकडे जातंय, त्यात प्लास्टिक पुन्हा वापरात आणणं वरच्या क्रमांकावर आहे. मार्च २०२२ मध्ये नैरोबीत संयुक्त राष्ट्रांनी प्लास्टिक प्रदूषणावर बंधनकारक करार करायचं ठरवलं. २०२४ च्या शेवटी बुसानला बैठक झाली, ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हाला झाली, दोन्ही ठिकाणी सहमती झाली नाही. उत्पादनालाच मर्यादा घालायची, की फक्त कचऱ्याचं बघायचं, यावर देश भांडतायत. आपल्या राज्यानं २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी केली, देशानं १ जुलै २०२२ पासून एकदा वापरायच्या काही वस्तूंवर बंदी घातली. पिशव्या बाजारात अजून मिळतात, हे आपण सगळेच पाहतो.

कायद्यानं जे पूर्ण होत नाही तिथं विज्ञान लागतं. मिसळलेलं प्लास्टिक वास न घेता वेगळं कसं करायचं, अनेक थर चिकटवलेलं वेफरचं पाकीट उलगडायचं कसं, बाटलीची साखळी तोडून पुन्हा मूळ रेणू कसे मिळवायचे, यावर आज जगभर काम चालू आहे. म्हणजे ज्या प्रश्नावर फेलोशिपा मिळतायत, तो प्रश्न आपल्या मोहल्ल्यात पोत्यांत भरून पडलाय. त्याचा अभ्यास करणारी मुलं मात्र तिथून निघत नाहीत.

पायऱ्या कुठे तुटल्या?

दोन बाजूंनी तुटल्या. आधी सरकारची बाजू पाहू.

सच्चर समितीचा अहवाल २००६ मध्ये आला. त्यानंतर अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी ज्या योजना आल्या, त्यात एम.फिल.-पीएचडीसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप महत्त्वाची होती. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं लोकसभेत सांगितलं की ही फेलोशिप २०२२-२३ पासून बंद केली आहे, कारण ती इतर फेलोशिपांशी ‘ओव्हरलॅप’ होते आणि अल्पसंख्याक विद्यार्थी त्या इतर योजनांतही येतात. त्याच सुमारास परदेशी शिक्षणाच्या कर्जावर व्याज सवलत देणारी ‘पढो परदेश’ योजना थांबली आणि प्रीमॅट्रिक शिष्यवृत्ती फक्त नववी-दहावीपुरती उरली. पहिली ते आठवीचं शिक्षण कायद्यानंच मोफत आहे, हे त्यामागचं कारण दिलं गेलं.

सरकारच्या म्हणण्यात तथ्य आहे का? थोडं आहे. नेट-जेआरएफ सगळ्यांसाठी खुली आहे आणि तिची रक्कम जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. पण खुली असणं आणि पोहोचणं यात फरक आहे. केंद्राच्याच उच्च शिक्षण सर्वेक्षणात २०२१-२२ साली देशातल्या ४.३३ कोटी विद्यार्थ्यांपैकी मुस्लिम २१ लाखांच्या आसपास होते, म्हणजे शंभरात पाचही नाहीत. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येतलं प्रमाण १४.२ टक्के होतं. इतकी दरी असताना एक वेगळी पायरी काढून घ्यायची आणि म्हणायचं की जिना तर सगळ्यांसाठी आहे, हे आम्हाला पटत नाही. राज्य सरकारनं २०२४ मध्ये अल्पसंख्याकांसाठी ‘मार्टी’ ही संशोधन व प्रशिक्षण संस्था मंजूर केली, परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्तीचाही निर्णय झाला. स्वागत आहे. पण आपल्या आमदार-खासदारांना आपण गटार आणि पाण्याबद्दल विचारतो तसं हेही विचारायला हवं, की किती मुलांना मिळाली, किती अर्ज आले, पैसे वेळेवर गेले का.

आता आपली बाजू. इथं बोलणं अवघड आहे, पण शिक्षक म्हणून टाळताही येत नाही. दहावीला चांगले गुण मिळालेला मुलगा आमच्याकडे दाखला घ्यायला येतो. विचारलं तर म्हणतो, “अब्बूंनी सांगितलं, मोबाइल रिपेअरिंगचा कोर्स कर.” अब्बूंची चूक म्हणावी तर घर त्यांनाच चालवायचंय. मुलगी उर्दू माध्यमातून ८५ टक्के घेते, अकरावी सायन्सला जाते आणि सहा महिन्यांत आर्ट्सला बदली मागते, कारण भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र एकदम इंग्रजीत आलं आणि हात धरायला कोणी नव्हतं. आमच्यासारख्या किती शाळांत प्रयोगशाळेचं कपाट कुलूपबंद असतं, ‘काचेची भांडी फुटतील’ म्हणून! यात सरकारचा दोष थोडा आणि आमचा जास्त आहे.

आणि पैशाचं म्हणाल तर तो समाजात अजिबात नाही असंही नाही. आपल्याकडे दरवर्षी दहावी-बारावीच्या मुलांचे सत्कार होतात. शाल, ट्रॉफी, मंडप, बॅनर. एका सत्काराच्या मंडपाच्या खर्चात एका मुलीची अकरावी-बारावीची सायन्सची शिकवणी सहज भागते. माशेलकरांना त्या ट्रस्टनं ट्रॉफी दिली असती तर?

रस्ता वयाप्रमाणे

टीका करून थांबणं सोपं. म्हणून त्या मुलाला जे सांगायला हवं होतं ते इथं क्रमानं मांडतो.

आठवीत एनएमएमएसची परीक्षा असते. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि मूल सरकारी, महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत असेल, तर निवड झाल्यावर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. हेच आजचे ‘साठ रुपये’. पण फॉर्म शाळेनं भरायचा असतो, म्हणून ही जबाबदारी पहिली आमची.

दहावीनंतर लवकर कमाई हवी असेल तर सायन्स सोडायची गरज नाही. केंद्राच्या सीपेट संस्थेत प्लास्टिक टेक्नॉलॉजीचा तीन वर्षांचा डिप्लोमा दहावीनंतर करता येतो. छत्रपती संभाजीनगरला तिचं केंद्र आहे. भंगार आणि मोल्डिंगच्या धंद्यात असलेल्या घरांसाठी हा थेट कामाचा रस्ता.

बारावीत बोर्डाच्या वरच्या एक टक्क्यात आलात आणि बीएस्सीसारख्या मूलभूत विज्ञानाला गेलात, तर ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ८०,००० रुपये. माटुंग्याची यूडीसीटी आता आयसीटी आहे, कल्याणहून लोकलनं जाऊन-येऊन शिकता येईल एवढ्या अंतरावर, आणि तिथं पॉलिमरचं स्वतंत्र शिक्षण मिळतं. बीएस्सीनंतर आयआयटीत एमएस्सी करायची असेल तर ‘जॅम’ परीक्षा. पुढे नेट किंवा गेट. गेटच्या इंजिनिअरिंग सायन्सेसच्या पेपरमध्ये पॉलिमर सायन्सचा विभागच आहे.

पीएचडी झाली की बॅनरवरची पायरी येते. मारी क्युरी फेलोशिपला राष्ट्रीयत्वाची अट नाही, तुम्ही कुठल्या धर्माचे, कुठल्या गावचे हे कोणी विचारत नाही. पण युरोपातल्या एखाद्या प्राध्यापकानं तुम्हाला घ्यायची तयारी दाखवावी लागते आणि त्याच्याबरोबर बसून संशोधनाचा प्रस्ताव लिहावा लागतो. हुम्बोल्टचंही साधारण तसंच. म्हणजे ओळख, चांगले शोधनिबंध आणि नीट लिहिता येणं. लिहिता येणं आठवीतल्या निबंधापासून सुरू होतं, हे आम्ही भाषेचे शिक्षक विसरतो.

हिशेब केला तर आठवीतल्या मुलापासून फेलोशिपपर्यंत पंधरा-सोळा वर्षं लागतात. घरच्यांना हे आधीच सांगायला हवं, म्हणजे मध्येच कोणी “किती शिकणार अजून?” असं विचारणार नाही. विज्ञानात सबूर लागतोच. जर्मनीच्या हेरमान स्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये मांडलं की रबर, सेल्युलोज म्हणजे रेणूंच्या प्रचंड लांब साखळ्या आहेत. तेव्हाच्या भल्याभल्या रसायनशास्त्रज्ञांनी ते मानलं नाही. त्यांना नोबेल मिळालं १९५३ साली. तेहतीस वर्षं!

त्या मुलाचा बाप

पुढच्या आठवड्यात आम्ही एक बादली, मीठ आणि पाच-सहा प्रकारचं प्लास्टिक वर्गात नेलं. बाटलीचं झाकण, बाटली, दुधाची पिशवी, पाइपचा तुकडा, दह्याचा कप. विचारलं, काय तरंगेल, काय बुडेल? मुलं अंदाज करू लागली. फेलोशिपबद्दल विचारणारा तो मुलगा शेवटच्या बाकावरून उठला आणि पाण्यात टाकायच्या आधीच सगळी बरोबर उत्तरं सांगून मोकळा झाला. झाकण तरंगणार, बाटली बुडणार, पिशवी तरंगणार, पाइप बुडणार. कप साध्या पाण्यात बुडणार, “पण मीठ जास्त टाका सर, मग तो वर येईल.” आम्ही मीठ टाकलं. कप वर आला.

“तुला कसं माहीत?” आम्ही विचारलं.

“अब्बूंचं गोदाम आहे ना, शिळफाट्याला. आम्ही सुट्टीत तेच करतो.”

वर्ग हसला, तोही हसला. आम्ही फळ्यावर घनता लिहिली, खाली पाच पदार्थांची नावं लिहिली आणि त्याला सांगितलं की तू सांगितलंस ते हेच आहे. तो बराच वेळ फळ्याकडे बघत होता. मग त्यानं विचारलं, “सर, मिक्स माल असेल तर मशीन कसं ओळखतं?”

याचं उत्तर आम्हाला पूर्ण येत नव्हतं. तसं त्याला सांगितलं, आणि त्याचं नाव एनएमएमएसच्या यादीत होतं का ते पाहिलं. नव्हतं. मागच्या वर्षी फॉर्म भरायचा राहिला होता. तो आठवीत होता आणि फॉर्मची जबाबदारी आमच्याकडे होती.

यंदाच्या आठवीची यादी आम्ही त्याच संध्याकाळी काढली.